बैलाचं काही बोलले का?

काशिनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये एका शिंप्याकडे पँटची उंची कमी करून घेत होतो. फोन सुमनवहिनींचा, त्याच्या बायकोचा होता. वहिनी रडत नव्हत्या. "भाऊजी, हे सकाळी उठलेच नाय," एवढंच म्हणाल्या. शिंप्याने तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि हातानेच विचारलं, काय झालं? मी पँट तिथेच टाकून रिक्षा पकडली. अंबरनाथ येईपर्यंत मला रडू आलं नाही, राग येत होता. कुणाचा, ते तेव्हा नीट कळलं नव्हतं. आता कळलंय, आणि ते सांगावं म्हणूनच हे लिहायला बसलो आहे.

आम्ही दोघं आनंदनगरच्या एमआयडीसीत, नळाचे व्हॉल्व बनवणाऱ्या एका कारखान्यात आयुष्यभर होतो. तो तपासणीत, मी माल रवाना करणाऱ्या खात्यात. मी साताऱ्याकडचा, नोकरीसाठी इकडे येऊन चिकटलेला. तो इथलाच, अंबरनाथजवळच्या गावातला. वडिलांची भातशेती होती, आजोबा खाडीवरच्या मिठागरात राबायचे. शेताच्या जागी पुढे इमारती उभ्या राहिल्या. त्यातल्याच एकीत तो दोन खोल्यांत राहायचा आणि कुणाच्या बाथरूमखाली पूर्वी विहीर होती ते पाहुण्यांना कौतुकाने सांगायचा. उंच, हडकुळा, कानावर कायम पेन्सिल. बोलायला लागला की थांबायचा नाही आणि ऐकायला बसला की हलायचा नाही. मी रवाना केलेला माल त्याने एकदा गेटवरून परत आणवला, तिथून आमची ओळख झाली, म्हणजे भांडण झालं. तेच भांडण आम्ही निवृत्त होईपर्यंत वेगवेगळ्या निमित्तांनी चालू ठेवलं आणि लोक त्याला मैत्री म्हणू लागले.

त्याची कामाची एक पद्धत होती. ती सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच निघालं. त्याच्या हाताखाली व्हॉल्व तपासणारी माणसं होती. दिवसभर तेच ते हाताळून माणसाचे डोळे उघडे राहतात, पण लक्ष उडालेलं असतं. म्हणून काशिनाथ चांगल्या मालाच्या ट्रेमध्ये गुपचूप एक खोटा व्हॉल्व सरकवून द्यायचा, आट्यांना चीर गेलेला वगैरे, आणि लांब जाऊन उभा राहायचा. ज्याने तो उचलून बाजूला ठेवला तो जागा. ज्याच्या हातून तो पुढे गेला तो झोपलेला. ओरडायचा मात्र कुणाला नाही. नुसता जाऊन तो व्हॉल्व त्याच्यापुढे ठेवायचा आणि चहाला निघून जायचा. नव्या साहेबांना ही पद्धत आवडायची नाही, पण आमचा माल कधी परत आला नाही, त्यामुळे कुणी बोलायचंही नाही.

वाचनाचं वेड त्याला पहिल्यापासून. वाचनालयातली इतिहासाची पुस्तकं त्याने इतक्या वेळा घरी नेली की ती परत करताना तिथल्या बाई नोंदही न बघता शिक्का मारायच्या. पण वाचून वाचून तो वैतागायचा. म्हणायचा, "राजाने घाट बांधला, राजाने दान दिला, सगला राजाचा. पन तो घाट चढून मीठ कोन न्यायचा? त्याचा नाव कुठं हाय?" सातवाहनांच्या काळात कल्याणच्या खाडीवरून मीठ लादलेले बैलांचे तांडे नाणेघाट चढून जुन्नरकडे जात असतील, त्या माणसांची गोष्ट त्याच्या डोक्यात कित्येक वर्षं होती. निवृत्त झाल्यावर ती त्याने लिहायला घेतली. 'मिठाचा तांडा' हे नाव. नायिका नागसिरी, बाप वारल्यावर तांडा स्वतः हाकत घाटावर नेणारी, आणि तिचा म्हातारा बैल धवळा.

सकाळचं पाणी भरून झालं की तो बाहेरच्या खोलीत घडीचं टेबल उघडून बसायचा. प्रकरण झालं की आधी वहिनींना वाचून दाखवायचा आणि संध्याकाळी मला, शिवमंदिराच्या आवारात. धवळा घाटाच्या मध्यावर बसतो आणि परत उठत नाही, ते प्रकरण वाचताना त्याचा आवाज गेला. उरलेलं मी वाचून दाखवलं, त्याचंच त्याला. मी काही वाचनातला मोठा माणूस नाही, पण ती कादंबरी चांगली होती. मित्र गेला म्हणून म्हणत नाही, तो होता तेव्हाही म्हणत होतो. पण माझं मत तो धरायचाच नाही. "तू घरचा. घरच्याचा अभिप्राय म्हंजे आपल्याच मालावर आपनच सही मारायची," असं म्हणून वहिनींना आणि मला त्याने एकाच फटक्यात बाद केलं होतं.

प्रकाशकांनी दाद दिली नाही. एकाने सल्ला दिला की सातवाहन सोडा, शिवकाल घ्या, तो चालतो. मग त्याने स्वतःच छापायचं ठरवलं. कॅम्प दोनमध्ये लछूभाईंचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं आणि गणपतीच्या पावत्या छापणारा माणूस, कादंबरी पहिल्यांदाच हातात आली म्हणून तोही खूश. अंबरनाथच्या वाचनालयाच्या सभागृहात प्रकाशन ठरलं. बाइंडिंगला उशीर झाला आणि पुस्तकं त्याच सकाळी टेम्पोतून आली, पुठ्ठे अजून दमट होते. विकत कोण घेणार, हे काशिनाथला माहीत होतं. त्याने आलेल्या प्रत्येकाला पहिल्या पानावर 'सप्रेम भेट' लिहून, खाली सही करून प्रत दिली. वर हात धरून सांगत होता, वाचून झालं की अभिप्राय द्या, अगदी मोकळेपणी, बोलवा, मी घरी येतो ऐकायला. इतका आनंदात मी त्याला मुलाच्या लग्नातही पाहिला नव्हता.

काही दिवसांनी तो स्वतःचं पुस्तक निवांत वाचायला बसला. प्रूफं त्याने डोळ्यांत तेल घालून तपासली होती, पण प्रूफं म्हणजे सुटे कागद. शिवलेलं पुस्तक तो पहिल्यांदाच वाचत होता आणि मध्यावर येऊन थबकला. पुस्तकाची पानं सोळा-सोळाच्या गठ्ठ्यांनी शिवतात, त्या गठ्ठ्याला फर्मा म्हणतात. बाइंडिंगवाल्याने दोन फर्म्यांची अदलाबदल केली होती. त्यामुळे धवळा आधी घाटात मरतो, नागसिरी त्याच्या मानेला मिठी मारून रडते, आणि थोड्या वेळाने तोच धवळा घाटाच्या पायथ्याशी नदीवर मजेत पाणी पितो, नागसिरी त्याला गूळ भरवते. घरात उरलेल्या सगळ्या प्रती त्याने उघडून पाहिल्या. सगळ्या तशाच.

आम्ही लछूभाईंकडे गेलो. त्यांनी पुस्तक चाळून कपाळावर हात मारला. "भाऊ, गलती माझ्या माणसाची आहे, मी ना नाही बोलत. जितना माल वापस येईल तेवढा नवीन बांधून देतो," म्हणाले. पण भेट दिलेल्या प्रती परत कशा मागणार? म्हणून काशिनाथने एक चिठ्ठी छापायला सांगितली, की अमुक पानांच्या आधी अमुक पानं वाचावीत, तसदीबद्दल क्षमा असावी. ती टाइप होत असतानाच त्याचा फोन वाजला. गावाकडचा चुलतभाऊ होता. कादंबरी एका बैठकीत वाचून काढली, जबरदस्त आहे, म्हणत होता. काशिनाथने जपून विचारलं, मधला भाग कसा वाटला? तर म्हणे, सगलाच भारी. फोन ठेवल्यावर तो चिठ्ठी राहू द्या म्हणाला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "वसंता, खोटा व्हॉल्व आपसूक ट्रेमधी पडलाय. बघू, कोन उचलतो."

मी त्याला तिथेच, रस्त्यात, गर्दीत झापला. कारखान्यातल्या माणसाला खोट काढायचा पगार मिळतो, वाचकाला कोण देतो? लोकांना सांगून टाक आणि मोकळा हो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "मेलेला बैल पानी पिताना दिसला, तर वाचनारा गप बसंल?" आजही तो प्रश्न मला चुकीचा वाटत नाही. त्याने मला कुणापाशी बोलायचं नाही असं वचन द्यायला लावलं आणि मी ते पाळलं.

मग अभिप्राय येऊ लागले. व्हॉट्सॲपवर जोडलेले हात आले, अंगठे आले, फुलांचे गुच्छ आले. कुणाला मुखपृष्ठ आवडलं, कुणाला अक्षराचा आकार, कारण चष्मा लावावा लागला नाही. आपलं शिवमंदिर कसं नाही आलं कादंबरीत, हे तर कितीतरी जणांनी विचारलं. ते मंदिर त्यानंतर हजारेक वर्षांनी बांधलं, असं काशिनाथने समजावलं, तर एक गृहस्थ म्हणाले, असू दे हो, तरी एखादा उल्लेख घालायला काय हरकत होती! जो बोलावील त्याच्या घरी तो जायचा. इस्त्रीचा सदरा घालून, खुर्चीत ताठ बसून, मधे एक शब्द न बोलता ऐकायचा. खालच्या मजल्यावरचे जोशी म्हणाले, कादंबरी वाचताना डोळ्यांत पाणी आलं. काशिनाथ पुढे सरकून बसला. कुठल्या ठिकाणी? जोशी जरा घोटाळले आणि म्हणाले, सगळीकडेच. तो घरी आला आणि वहिनींना म्हणाला, जोश्याने पुस्तक उघडलं पन नाय.

मलाही बाजारात, स्टेशनवर लोक भेटायचे, पुस्तकाबद्दल काहीबाही बोलायचे. ते मी त्याला सांगायला गेलो की तो पुरतं ऐकून घ्यायचा नाही. "ते सोड. बैलाचं काही बोलले का?" मी नाही म्हणायचो. तो बरं म्हणायचा आणि दुसरा विषय काढायचा.

एकदा मात्र बदलापूरचे एक डॉक्टर भेटले, होमिओपॅथीचे, वयस्कर. त्यांनी काशिनाथला घरी बोलावलं आणि म्हणाले की तुमच्या तांड्यातली माणसं भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा खातात, पण मिरची तर पोर्तुगीजांनी आणली, सातवाहनांच्या काळात ती कुठून? काशिनाथला स्वर्ग दोन बोटं उरला. तिथूनच त्याने मला फोन केला, "एक माणूस जागा हाय रे." मग त्याने डॉक्टरांना विचारलं, पुढे काय वाटलं? डॉक्टर म्हणाले, पुढे वाचतोय, सावकाश वाचतो मी. काशिनाथने आपल्या प्रतीत ठेच्याच्या जागी मिरी-मिठाची चटणी लिहून ठेवली आणि डॉक्टरांच्या फोनची वाट पाहू लागला. डॉक्टर त्याला नंतर रस्त्यात भेटले, नमस्कार करून, घाईत असल्यासारखे निघून गेले. मिरचीपर्यंतच आले बिचारे, असं तो मला म्हणाला. हसत म्हणाला, पण मला ते हसू आवडलं नाही.

त्याचं चुकलं, हे मी आज मोठ्याने म्हणतो. त्याने आपल्या माणसांची परीक्षा बघायला नको होती. पण त्याने ती मजेखातर मांडली नव्हती. त्याला खरंच एवढंच जाणून घ्यायचं होतं, की मी जे लिहिलं ते कुणी वाचलं का. स्तुती नको होती, वाचलं का एवढंच. दुसऱ्या भागाची चार प्रकरणं त्याने पहिला भाग छापखान्यात असतानाच लिहून ठेवली होती. नागसिरी घाटावर व्यापाऱ्याच्या घरी सुखाने राहायची सोडून परत खाली खाडीकडे का येते, ते त्यात उलगडणार होतं. पाचवं प्रकरण तो लिहीना. मी विचारलं की आज डोळे दुखतात, उद्या पाहुणे आहेत, असं काहीतरी सांगायचा. मग एके दिवशी घडीचं टेबल मिटून पलंगाच्या मागे गेलेलं दिसलं. मी पुन्हा भांडलो. म्हटलं, लोकांसाठी लिहीत होतास का? तर म्हणाला, "मग कोनासाठी? भिंतीला वाचून दाखवू?" वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, मना दाखवा.

शेवटची भेट माझ्या घरी झाली, बदलापूरला. वहिनींनी जवळ्याची चटणी करून दिली होती, ती घेऊन आला होता. थकलेला दिसत होता, जिना चढताना मधे थांबला. गुडघे, रेशनकार्ड, नव्या पुलाचं रखडलेलं काम, असं सगळं बोलून झालं. त्याच आठवड्यात मला वाचनालयातला कुणीतरी भेटला होता आणि पुस्तकाबद्दल बोलला होता, तेही मी सांगितलं. मी नेहमीच्या प्रश्नाची वाट पाहिली... त्याने विचारलंच नाही. निघताना चपला घालता घालता एवढंच म्हणाला, "चार मानसांनी जरी वाचली असती ना वसंता, तरी पुरं झालं असतं." त्यानंतर आठवड्याभरातच वहिनींचा तो फोन आला.

शोकसभा वाचनालयाच्या त्याच सभागृहात ठेवली होती. टेबलावर फोटो, हार, उदबत्ती आणि बाजूला कादंबरीची एक प्रत. वहिनी पहिल्या रांगेत मुलाशेजारी बसल्या होत्या. मला आभार मानायचे होते, म्हणून कोपऱ्यात उभा. नेहमीसारखी भाषणं झाली. मनमिळाऊ होते, अजातशत्रू होते. काशिनाथ आणि अजातशत्रू! अर्ध्या कारखान्याशी त्याचा उभा दावा होता. मग रेखाताई बोलायला उठल्या. त्या कॅम्प दोनमध्ये ब्लाउज शिवण्याचं दुकान चालवतात. काशिनाथशी त्यांची फारशी ओळख नव्हती, प्रकाशनाला मैत्रिणीबरोबर आल्या होत्या आणि त्यांनाही प्रत मिळाली होती. पुस्तक खूप आवडलं म्हणाल्या आणि मग पदराशी चाळा करत थांबल्या.

"एक गोष्ट त्यांना सांगायची राहून गेली. आता सांगू की नको, कळत नाही... माझ्या पुस्तकात मधली पानं उलटसुलट लागली होती. बैल मरतो आणि नंतर पाणी पितो. मी आकडे बघून बरोबर लावून वाचलं. पण त्यांनी एवढ्या प्रेमाने दिलेलं, नेमकं आपल्यालाच खराब पुस्तक आलं हे कसं सांगायचं, म्हणून गप्प राहिले."

सभागृहात एक विचित्र हालचाल झाली. मागून कुणीतरी म्हणालं, तुमच्याही? माझ्याही तसंच होतं. मग तिसरा बोलला, मग वाचनालयातल्या बाई. प्रत्येकाला वाटलं होतं की खोट फक्त आपल्याच प्रतीत आहे. डॉक्टर हात वर करून उठले. मिरचीची चूक दाखवल्यावर पुन्हा पानांची चूक दाखवणं त्यांना बरं वाटलं नव्हतं. हा माणूस नुसत्या चुकाच काढतो असं काशिनाथला वाटेल, म्हणून ते त्याला टाळत होते. जोशी तर रडायलाच लागले. बैल मेला तिथे ते रडले होते, आणि नंतर तो जिवंत निघाल्यावर ओशाळले होते. कुठल्या ठिकाणी रडलो ते सांगितलं तर पानांचं सांगावं लागेल, म्हणून सगळीकडेच म्हणाले. एका प्राध्यापकांना ती हल्लीची नवी शैली वाटली होती, आणि ती त्यांना पसंतही पडली होती. तेव्हा लोक हसले. शोकसभेत हसले, आणि लगेच वरमले.

वहिनींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "म्हंजे वाचला होता या सगल्यांनी?"

मी हो म्हणालो. आणि मग आभाराचं सगळं बाजूला राहिलं. मी टेबलापाशी गेलो आणि जे होतं ते सांगून टाकलं. वचन ज्याला दिलं होतं तो माणूसच आता उरला नव्हता. चूक त्याला माहीत होती, तुम्ही ती दाखवाल म्हणून तो वाट पाहत होता, तुम्ही बोलला नाहीत म्हणून कुणी वाचलंच नाही असं तो धरून बसला, आणि तसाच गेला. एक फोन केला असता तर काय बिघडलं असतं तुमचं? माझा आवाज चढला होता. डॉक्टर बसल्या जागेवरून म्हणाले, "अहो, कुणी आपुलकीने दिलेल्या वस्तूत खोट काढायची कशी? तुम्ही काढली असती?" लग्नात मिळालेलं बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ माझ्या घरी किती वर्षं तसंच टांगलेलं होतं. देणाऱ्याला आम्ही कधी कळू दिलं नाही.

घरी आल्यावर राग हळूहळू उतरला आणि मग खऱ्या अर्थाने रडलो. त्याच्या हट्टाचा राग होताच, लोकांच्या चांगुलपणाचा जास्त होता. एवढी माणसं पुस्तक वाचत होती, आकडे बघून पानं लावून घेत होती, बैलासाठी रडत होती, आणि काशिनाथ त्यांच्याच बैठकीच्या खोल्यांत ताठ बसून, कुणी वाचलं नाही असं समजून, चहा पिऊन परत येत होता.

पुढच्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. रेखाताई घरी येणार म्हणताहेत, पुस्तकाचं काही विचारायचंय, मला त्यातलं काही सांगता यायचं नाही, तुम्ही या. मी गेलो. रेखाताईंनी पिशवीतून पुस्तक काढलं. चांगलं वापरलेलं दिसत होतं, पुठ्ठ्यावर तेलाचा डाग होता. या वेळी त्या घुटमळल्या नाहीत. शेवट मला पटला नाही, म्हणाल्या. नागसिरी इतका घाट चढली, तिने बैल गमावला, वर तिला मान मिळाला, घर मिळालं, मग ती परत खाली का येते? बाईने परत यायचंच, असं का लिहिलं त्यांनी? मला राग आला होता वाचून. चांगल्या तावातावाने बोलत होत्या. हेच, अगदी असंच कुणीतरी बोलावं म्हणून काशिनाथ किती घरांचे जिने चढला होता.

मी म्हटलं, त्याचं उत्तर दुसऱ्या भागात येणार होतं. ती का परत आली ते.

"मग लिहिला का नाही तो भाग?" रेखाताईंनी विचारलं.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्याच बोलल्या, "तुमच्यासाठी थांबले होते ते."

त्यात टोमणा नव्हता. दूध उतू गेलं, असं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. रेखाताई खाली बघत बसल्या, पुस्तकाचा कोपरा अंगठ्याने दाबत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, काही लिहिलेलं आहे का त्यातलं? वहिनी आत गेल्या आणि कपाटातून ती चार प्रकरणं घेऊन आल्या, साडीच्या कापडात गुंडाळलेली. रेखाताईंच्या हातात देताना क्षणभर सोडली नाहीत. "वाचून झाल्यावर इथे येऊन सांगायचा," म्हणाल्या. "नाय आवडला, तो पन सांगायचा. आधी तोच सांगायचा."

रविवारी रेखाताई आल्या. मीही होतो. चपला काढून आत येतायेताच म्हणाल्या, दुसरं प्रकरण मला अजिबात नाही आवडलं. वहिनींनी गॅस बंद केला, हात पुसले आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून ऐकायला बसल्या.